पोलीस स्टेशनातली वेगळी खोली

‘तू सोडून का देत नाहीस त्याला?’ ऑफिसात हा सल्ला फुकट मिळतो, मशीनच्या कॉफीसारखाच. मार खाणारी बाई म्हटलं की आपल्याला अजूनही दारुडा नवरा आणि फाटकी साडी आठवते. टॉवरमध्ये राहणाऱ्या, होम लोनचा अर्धा हप्ता भरणाऱ्या टीम लीडरचाही गाल सुजतो, हे पचत नाही. माझ्या मैत्रिणीचा सुजायचा. सल्ले तिने भरपूर ऐकले होते. तिला हवं होतं सोबत येणारं माणूस.

म्हणून मी गेले. पोलीस स्टेशनलाच, पण ड्युटीवरच्या साहेबांच्या टेबलापाशी नाही, स्पेशल सेलमध्ये. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४मध्ये मुंबई पोलिसांच्या मदतीने असा सेल सुरू केला. आता ते राज्यभर आहेत. छत पोलिसांचं, पण आतल्या ताई समाजकार्य शिकलेल्या, साध्या ड्रेसमधल्या. बाईला खाकीची भीती कमी, आणि नवऱ्याला बोलावणं गेलं की पत्ता वाचूनच त्याला काय ते कळतं!

मला वाटलं, आता उलटतपासणी. ताईंनी विचारलं एवढंच, ‘तुम्हाला काय हवंय?’ मैत्रीण बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ‘रात्रीची झोप. डिव्होर्सचं अजून ठरलं नाही.’ ताईंनी ते तसंच लिहून घेतलं. ‘आधी ठरवा, मग या’ नाही, की ‘संसार आहे, चालायचंच’ नाही. माझ्या मते सपोर्ट तो हाच. तिच्या बाजूने बोलायचं, पण तिला हवं तेच.

झोपेसाठीही कायदा आहे बरं का. २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा २६ ऑक्टोबर २००६पासून लागू झाला. डिव्होर्स न मागताही मॅजिस्ट्रेटकडून संरक्षणाचा आदेश मिळतो, घर तिच्या नावावर नसलं तरी तिथे राहायचा हक्क मिळतो. आदेश मोडला तर वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लग्नासारख्या लिव्ह-इनमधल्या मुलीलाही तो लागू आहे. साठ दिवसांत निकाल, असा कायद्याचा इरादा. कोर्टात महिनेच्या महिने जातात. बाई थकते ती इथे. रजा टाकून बाकावर शेजारी बसायला, झेरॉक्स सांभाळायला कुणीतरी लागतं. (नवऱ्याला पासवर्ड माहीत असलेल्या मेलवर कागद ठेवू नका, प्लीज.)

मैत्रीण त्याच घरात आहे. नवऱ्याला दोनदा बोलावणं झालं, सध्या हात थांबलाय. ताईंनी फाइल बंद केलेली नाही.

अशी खोली हॉस्पिटलातही असते. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने २०००च्या सुमारास ‘दिलासा’ सुरू केलं. ‘जिन्यावरून पडले’ म्हणणाऱ्या बाईला बाजूला घेऊन, एकटीला पुन्हा विचारायचं, हे तिथल्या स्टाफला शिकवलं गेलं.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर आधी हॉस्पिटलच गाठा, कारण शरीरावरचा पुरावा लवकर नाहीसा होतो. सरकारी असो की फाइव्ह स्टार खासगी, ताबडतोब आणि मोफत उपचार देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. कुणी ‘टू फिंगर टेस्ट’चं नाव काढलं तर सरळ अडवा, ती करणं म्हणजे गैरवर्तन, असं सुप्रीम कोर्टाने २०२२मध्ये बजावलंय. तपासणीच्या वेळी तुम्ही आत थांबायचं की बाहेर, हे तिला विचारा. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत घ्या. आणि १८१, ११२ हे नंबर तिच्या नव्हे, तुमच्या फोनमध्ये ठेवा. तिचा फोन घरी तपासला जात असेल.