चिटणिसांची भीड

ओळखीच्या माणसांनी एकत्र येऊन पैशाचा व्यवहार करावा, ही कल्पना बडोदेकरांस नवी नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत, १८८९ साली, विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी येथे अन्योन्य सहायकारी मंडळी काढली. हिंदुस्थानात सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला तो त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०४ साली. घरांच्या बाबतीत तेच पाऊल मुंबईत पडले. १९१५ मध्ये रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या खटपटीने गावदेवीस सारस्वत गृहनिर्माण संस्था उभी राहिली. आता आपल्यापैकी कित्येक कुटुंबे वाडे सोडून अशाच सोसायट्यांत राहावयास गेली आहेत.

वाड्याला मालक होता. सोसायटीत कारभार पाहते ते सभासदांनी निवडलेले मंडळ, आणि त्यात बहुधा पेन्शनीत निघालेले एखादे गृहस्थ मानद चिटणीस. पाण्याची मोटर जळाली, लिफ्ट अडकली, वरच्या न्हाणीतून खालच्या छताला ओल आली, की दार त्यांचेच वाजते. ही कामे एकवेळ सोपी. थकलेली वर्गणी मागणे मात्र महाकठीण.

ज्यांच्याकडे मागावयाची ते जिन्यात रोज भेटतात. त्यांच्या मुलीच्या लग्नात चिटणीस पंगतीत वाढायला उभे राहिलेले असतात. “अहो भाऊसाहेब, पुढच्या महिन्यात नक्की,” असे ऐकले की यांची जीभ अडखळते. महिना जातो, वर्ष जाते. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींत थकबाकीवर दरसाल २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावण्याची मुभा आहे; म्हणजे वर्षभर थकलेल्या दहा हजारांवर एकवीसशे रुपये. गुजरातेत कायदा निराळा, १९६१ चा. भीड मात्र तीच. व्याजाची गोष्ट बैठकीत निघते आणि थकबाकीदारांची नावे वाचली की मागे पडते.

या भिडेचे पैसे भरतो कोण? जो महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुकाट्याने वर्गणी देतो, तो. गच्चीची दुरुस्ती लांबते आणि सर्वांत वरच्या मजल्यावरच्या आजीबाई पावसाळाभर पलंग सरकवीत राहतात. त्यांची भीड कुणास पडत नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

आमच्या मते चिटणिसांनी तोंडाने मागूच नये. कोणाचेही नाव समोर नसताना सभेने ठराव करून ठेवावा: दोन महिने थकले की सर्वांना एकाच मजकुराची नोटीस, तीन महिने थकले की व्याज, मग ते अध्यक्षांचे सख्खे बंधू का असेनात. इतिवृत्तात हे एकदा उतरले की जिन्यात सांगता येते, “भाऊसाहेब, सभेचा ठराव आहे, माझ्या हाती काही नाही.” घरात आजारपण असेल, नोकरी गेली असेल, तर हप्ते जरूर बांधून द्यावेत, पण तेही मंडळाच्या बैठकीत आणि लेखी. मंडळातल्या कुणाची बाकी असेल तर ती सर्वांत आधी वाचावी.

यासाठी सभासद सभेला यावयास हवेत. वार्षिक सभेत हिशेब वाचला जातो तेव्हा दहा-बारा माणसे हजर असतात, त्यांतली निम्मी चहाची वाट पाहत. बाकीचे दुसऱ्या दिवशी फाटकाशी उभे राहून विचारतात, “काय हो, आमचे पैसे जातात तरी कुठे?”