तापाची हजेरी



पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवले आणि त्यातली काही वर्षे मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो. मी डॉक्टर नाही. तरी आज फ्लूबद्दल बोलणार आहे. फ्लू महाविद्यालयात शिरतो तेव्हा पहिले तीन-चार दिवस डॉक्टरांना त्याची खबरही नसते. ते दिवस आम्हा मास्तरांच्या हातात असतात. त्या दिवसांत काय करू नये, हे मी २००९ साली चूक करून शिकलो.

त्या वर्षी एप्रिलमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत एच१एन१ जातीचा नवा विषाणू सापडला. मे महिन्यात हैदराबादला भारतातला पहिला रुग्ण आढळला आणि ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने जगभराची साथ जाहीर केली. आम्ही हे सारे वर्तमानपत्रात वाचत होतो, पण ते विमानाने फिरणाऱ्यांचे दुखणे आहे, अशी आमची समजूत होती. जुलै महिना नेहमीसारखाच चालला होता. पाऊस, प्रॅक्टिकल्स, जर्नल्स आणि हजेरीचे हिशेब.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी वर्गात कमी हजेरीवाल्यांची नावे वाचून दाखवली. पंचाहत्तर टक्के भरले नाहीत तर टर्म देणार नाही, असे ठणकावून सांगितले. त्या यादीत वसतिगृहातला, दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता. सोमवारी त्याला ताप भरला. आमच्या वसतिगृहाचा नियम असा, की आजारी मुलाने घरी जायचे. घरी गेला तर हजेरी बुडणार. त्याने एक गोळी घेतली, ताप उतरवला आणि तीन तास माझ्याच प्रयोगशाळेत उभा राहिला. रात्री खोलीवर कोणाला काही बोलला नाही.

त्याच्या खोलीत आणखी तिघे होते. त्यांतल्या एकाला लहानपणापासून दमा. बुधवारी त्याला ताप आला आणि शुक्रवारी रात्री धाप लागली. मी आणि रखवालदार त्याला रिक्षात घालून रुग्णालयात घेऊन गेलो. त्याला बोलताना मधेच थांबावे लागत होते. त्याच्या घशातल्या स्रावाचा नमुना तपासणीला गेला आणि अहवाल आला, स्वाइन फ्लू. तो मुलगा खाटेवर असतानाच, ३ ऑगस्टला, पुण्यात चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी दगावली. देशातला या साथीचा तो पहिला मृत्यू. दुसऱ्या दिवशी ती बातमी हातात धरून मी रुग्णालयाच्या बाकावर बसलो होतो. शेजारी मुलाचे वडील होते, रात्रीच्या एसटीने आलेले. त्यांनी मला एवढेच विचारले, "सर, त्या दुसऱ्या पोराला ताप होता, तर तो वर्गात कशापायी आला?"

उत्तर मला ठाऊक होते. ते माझ्या कॅटलॉगमध्ये होते.

आमचा मुलगा वाचला. पण पुणे त्या आठवड्यात पार बदलून गेले. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या, दुकानांतले मास्क संपले, लोक कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या हुंगत फिरू लागले. १८९७ साली प्लेगसाठी केलेला साथरोग कायदा वापरून शहरात तपासणी केंद्रे उघडण्यात आली. शाळा-महाविद्यालये काही दिवस बंद राहिली.

बंदचा निर्णय ऐकताच वसतिगृहातली मुले बॅगा भरू लागली. तेव्हा आमच्या प्राचार्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. धडधाकट मुलांना जाऊ दिले. ताप-खोकला असलेल्या अकरा जणांना थांबवून घेतले. ती मुले एसटीत बसली असती तर विषाणू गावोगाव पोचला असता. असे का, ते समजून घेऊ.

फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत त्रास सुरू होतो. पण त्रास सुरू होण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच तो माणूस इतरांना लागण देऊ शकतो आणि पुढे पाच ते सात दिवस देत राहतो. खोकल्या-शिंकेतून उडणारे थेंब जवळच्या माणसापर्यंत पोचतात. काही दाराच्या कडीवर, बाकावर पडतात आणि हाताने नाकातोंडाशी येतात. म्हणूनच चौघांची खोली, मेसमधली पंगत आणि प्रयोगशाळेतले एकच टेबल ही फ्लूची आवडती ठिकाणे.

आम्ही तळमजल्यावरच्या चार खोल्या रिकाम्या केल्या. खाटा लांब लांब मांडल्या, खिडक्या उघड्या ठेवल्या, एक स्वच्छतागृह त्यांच्यासाठी राखले. मेसच्या मावशी डबे दाराशी ठेवत. सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहायचा, हे काम दोघा प्राध्यापकांनी वाटून घेतले. औषधाशिवाय चोवीस तास ताप आला नाही, की मगच सुटका. सॅनिटायझर मिळत नव्हता, पण साबण होता. या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि साबण ते फोडतो. तुपाचे भांडे घासताना जे होते, तेच इथे होते. नळाजवळचा साबण पळवला जाई, म्हणून तो जुन्या मोज्यात घालून नळालाच बांधला.

डॉक्टरांनी आम्हाला एक कागद लिहून दिला होता. साधा ताप, घसा, अंगदुखी असेल तर विश्रांती, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन मुलांना द्यायची नाही. धाप, छातीत दुखणे, थुंकीत रक्त, ओठ-नखे निळी पडणे, गुंगी येणे, यांतले एकही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. दमा, मधुमेह, हृदयविकार असलेल्यांनी ताप येताच डॉक्टरांकडे जायचे, कारण ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू केले तर सर्वांत जास्त उपयोगी पडते. तो कागद जुलैमध्ये माझ्या हातात असता, तर दमेकरी मुलाला मी बुधवारीच नेले असते.

कॉलेज पुन्हा सुरू झाल्यावर बैठक झाली. मी मांडले, की ताप आलेल्या विद्यार्थ्याने फक्त फोन करावा. पहिल्या पाच दिवसांसाठी दाखला मागू नये, ते दिवस गैरहजेरीत धरू नयेत आणि बुडालेले प्रॅक्टिकल पुन्हा घ्यावे. सहकारी म्हणाले, "मुले गैरफायदा घेतील." घेतलाच. एकाला दर शुक्रवारी ताप येई. पण त्याच्या तापाने कोणाला धाप लागली नाही.

दुसरे ठरले ते असे, की प्रवेशाच्या वेळीच दमा किंवा मधुमेह असलेल्यांची नोंद घ्यायची आणि ती फक्त रेक्टरकडे ठेवायची. तिसरे, वर्गातली रोजची गैरहजेरी कार्यालयाने एकत्र पाहायची. साठाच्या वर्गात एरवी दहा जण नसतात. एका दिवशी पंचवीस नसले तर महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवायचे. ज्या कॅटलॉगने मी मुलाला धाक घातला, तोच आता साथीची पहिली खबर देऊ लागला.

१० ऑगस्ट २०१० रोजी ती साथ संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. तो विषाणू मात्र गेला नाही; हंगामी फ्लू होऊन दरवर्षी येत राहिला. आपल्याकडे तो पावसाळ्यात आणि पुन्हा थंडीच्या अखेरीस डोके वर काढतो. त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते आणि तिचा परिणाम व्हायला सुमारे दोन आठवडे जातात. म्हणून जोखीम असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून ती पावसाळ्याआधी घ्यावी. २०२० साली करोना आला तेव्हा आमच्या महाविद्यालयात वेगळ्या खोल्या आणि तापाची वही काढायला एक दिवसही लागला नाही.

तो पहिला मुलगा पुढे बरेच दिवस माझ्यासमोर येणे टाळत होता. एकदा जिन्यात गाठून म्हणाला, "सर, माझ्यामुळे झालं ना?" मी म्हटले, "नाही रे. तुला ताप सांगायची सोय मी ठेवली नव्हती."

पालक श्रोत्यांना माझे एकच सांगणे आहे. मुलाला वसतिगृहात सोडायला जाल तेव्हा मेस आणि पाणी पाहालच. त्याबरोबर रेक्टरांना हेही विचारा, ताप आला तर याने कुठे झोपायचे आणि याच्या हजेरीचे काय? उत्तर लगेच मिळाले, तर निर्धास्त घरी या. नाही मिळाले, तर मिळेपर्यंत तिथून उठू नका.