लॅनचा ड्रायव्हर बसत नाहीये? बोर्ड बदलण्याआधी हे वाचा



परवाच्या व्हिडिओत लॅन ड्रायव्हरचा विषय मी शेवटच्या चार मिनिटांत उरकला. तेवढ्यात तो समजण्यासारखा नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. जुन्या कॉम्प्युटरवर बिलिंग करणाऱ्या दुकानदारांनी तर नक्की वाचा.

किस्सा कराडकडचा. एका हार्डवेअरच्या दुकानात एच ६१ बोर्डाचा, आय ३ प्रोसेसरचा जुना कॉम्प्युटर आहे. बिलिंगचं सॉफ्टवेअर विंडोज ७ वरच चालतं, म्हणून काकांनी तो सोडलेला नाही. मशीन हळू झालं, म्हणून फॉरमॅट मारून घेतलं. डिस्प्ले आला, आवाज आला, प्रिंटर चालू झाला. फक्त इंटरनेट गेलं. फॉरमॅट करणारा म्हणाला, "लॅन कार्ड उडालंय, आता नवीन कॉम्प्युटरच घ्या." तारीख होती १८. जीएसटीआर-३बी भरायची मुदत २० ची, आणि उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, शिवाय कर बाकी असेल तर त्यावर व्याज. रिटर्न सीएकडे बसूनही भरता आलं असतं म्हणा, पण एका वाक्यात पंचवीस-तीस हजारांचा खर्च अंगावर आला होता त्याचं काय? काकांचा फोन आला, "सर, एकदा बघून जाता का?"

मी गेलो तेव्हा त्यांच्या मुलाने कॅफेमधून पेन ड्राइव्हवर ड्रायव्हर आणून ठेवला होता. सेटअप चालवला की इंग्रजीत मेसेज यायचा: रियलटेक नेटवर्क कंट्रोलर सापडला नाही, डीप स्लीप मोड चालू असेल तर केबल जोडा. पहिला अर्धा भाग वाचून सगळ्यांनी ठरवलं की कार्ड मेलं. दुसरा अर्धा कोणी वाचलाच नाही! फॉरमॅटसाठी मशीन टेबलावरून हलवलं तेव्हा लॅनची केबल काढलेली, ती मागे तशीच लोंबत होती. रियलटेकच्या काही चिप वीज वाचवायला केबल नसताना झोपतात, इतक्या की विंडोजला त्या दिसतच नाहीत. केबल लावली, राउटर चालू केला, पोर्टवरचा दिवा लागला. डिव्हाइस मॅनेजर रिफ्रेश केला आणि पिवळ्या खुणेसकट 'इथरनेट कंट्रोलर' हजर. काकांचा चेहरा बघण्यासारखा होता.

केबल लावूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये काहीच दिसत नसेल तर बायोसमध्ये जाऊन ऑनबोर्ड लॅन बंद तर नाही ना ते बघा. तिथे चालू असूनही दिसत नसेल, तर मग कार्ड गेलं म्हणायला हरकत नाही. पण पिवळी खूण दिसतेय म्हणजे विंडोजला कार्ड सापडलंय, बहुतेक वेळा फक्त ड्रायव्हर मिळत नाहीये. डबल क्लिक केल्यावर 'कोड २८' दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की ड्रायव्हर टाकलेला नाही.

आता मुख्य गोष्ट. बोर्डाच्या नावावरून, डब्यावरून, किंवा "रियलटेकच असेल" म्हणून ड्रायव्हर शोधू नका. कार्ड स्वतःचा नंबर सांगतं. त्या पिवळ्या नोंदीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स टॅब, आणि खालच्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. एक लांबलचक ओळ दिसेल. त्यात 'व्हेन' नंतरची चार अक्षरं म्हणजे चिप बनवणारी कंपनी. १०ईसी असेल तर रियलटेक, ८०८६ असेल तर इंटेल, १४ई४ असेल तर ब्रॉडकॉम. 'डेव्ह' नंतरची चार म्हणजे चिप. काकांच्या मशीनवर १०ईसी आणि ८१६८ होतं. रियलटेकची गिगाबिट चिप, आपल्याकडच्या असेंबल्ड मशीनमध्ये पावलोपावली सापडणारी. शेवटी 'रेव्ह' असतं, म्हणजे चिपची आवृत्ती. सीडीवरचा जुना ड्रायव्हर नाव तेच असून बसत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हे रेव्ह असतं. या ओळीचा मोबाईलवर फोटोच काढून ठेवा.

मुलाने आणलेली फाइल विंडोज १० ची निघाली. आपल्याला विंडोज ७, ६४ बिटची हवी होती. ३२ की ६४ हे कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'सिस्टीम टाइप' समोर लिहिलेलं असतं, तेही आधी बघा. पण ड्रायव्हर आणायचा कसा, नेटच नाही! ड्रायव्हर अपडेटर नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकायचा मोह इथेच होतो. नका टाकू. त्यालाही नेट लागतं, आणि नको त्या चार गोष्टी सोबत येतात. विंडोज १० असेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, काम होतं. ताज्या विंडोज ७ मधला ब्राउझर मात्र इतका जुना आहे की आजच्या बऱ्याच साइट उघडतच नाहीत. म्हणून मी रियलटेकच्या साइटवरून फाइल मोबाईलवरच उतरवली आणि केबलने मशीनवर कॉपी केली.

सेटअप नीट पूर्ण झाला. तरी पिवळी खूण तशीच! या वेळी कोड ५२. म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला पटत नाही. नवे ड्रायव्हर एसएचए-२ पद्धतीने सही केलेले असतात आणि जुन्या डीव्हीडीवरून टाकलेल्या विंडोज ७ ला ती सही ओळखता येत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं केबी ३०३३९२९ हे अपडेट लागतं, आणि त्याआधी सर्व्हिस पॅक १ हवा. तेही मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून मोबाईलवर घेतलं, टाकलं, रीस्टार्ट केलं. खूण गेली, नेट आलं. सही तपासणं कायमचं बंद करण्याच्या युक्त्या सांगणारे बरेच भेटतील. ज्या मशीनवर तुमचा धंदा आहे तिथे ते करू नका.

येताना फायरफॉक्सची ११५ ईएसआर ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती मी पेन ड्राइव्हवर नेली होती. ती टाकून जीएसटीचं पोर्टल उघडलं, तर 'कनेक्शन सुरक्षित नाही'. काका म्हणाले, "परत गेलं का?" नाही. कोपऱ्यातल्या घड्याळात २०१२ साल होतं. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपलेला, त्यामुळे मशीन बंद केलं की तारीख मागे जायची, आणि तारीख चुकीची असली की साइटची सर्टिफिकेट चुकीची वाटतात. शेजारच्या घड्याळवाल्याकडून सेल आणला, मशीनचा प्लग काढून बदलला, तारीख लावली. पोर्टल उघडलं.

दोन तास गेले, खर्च फक्त सेलचा. रिटर्न १९ ला गेलं.

काकांना मात्र एक स्पष्ट सांगून आलो, तुम्हालाही सांगतो. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट नाही. बिलिंगपुरतं हे मशीन ठेवा, पण बँकेचं आणि पोर्टलचं काम हळूहळू दुसऱ्या मशीनवर न्या. आणि पुढच्या फॉरमॅटच्या आधी, चालू असलेल्या मशीनवरून लॅनचा ड्रायव्हर, ते अपडेट आणि हार्डवेअर आयडीचा फोटो एका पेन ड्राइव्हवर घ्या. काकांचा पेन ड्राइव्ह आता गल्ल्यात असतो, त्यावर स्केचपेनने 'लॅन' लिहिलंय.

पुढच्या व्हिडिओत जुन्या बिलिंग डेटाचा बॅकअप. भेटूया!