अर्धविरामांनी जोडलेली ओळ

कमांडचं नाव टाइप केलं की संगणक तो प्रोग्राम शोधतो कुठे? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सनने लिहिलेल्या शेलला शोधायच्या जागा आधीच ठरवून दिलेल्या होत्या. 1979 साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्नचा शेल आला आणि ही यादी 'पाथ' नावाच्या व्हेरिएबलमध्ये, कोलनने जोडून, वापरणाऱ्याच्या हाती आली. एकाच नावाचे दोन प्रोग्राम असले तर यादीत आधी सापडेल तो चालणार. रांगेचा साधा नियम.

डॉसमध्ये डिरेक्टरी आल्या 1983 च्या 2.0 आवृत्तीत. तिथे ड्राइव्हच्या अक्षरामागे कोलन आधीच बसलेला, म्हणून जोडायला अर्धविराम घेतला. आमच्या पिढीला पाथ भेटला तो असा, मशीन सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक डॉट बॅट फाइलमध्ये. टर्बो सी कंपायलरची बिन डिरेक्टरी त्यात घालायची विसरलं की पडद्यावर 'बॅड कमांड ऑर फाइल नेम'. पूर्ण ओळ 127 अक्षरांत बसवावी लागे. डिरेक्टरींची नावं टीसीसारखी दोन अक्षरी असत, ती काही उगाच नव्हे.

त्या काळातली एक गोष्ट मला आजही आवडते: प्रॉम्प्टवर पाथ बदलला आणि चुकला, तर मशीन बंद करून चालू करायचं. चूक गेली. युनिक्सवर 'एक्स्पोर्ट' केलेला पाथही शेल बंद होताच विसरला जातो. टिकवायचा तर प्रोफाइलच्या फाइलमध्ये हाताने लिहावा लागतो.

विंडोजचा 'सेटएक्स' मात्र थेट रजिस्ट्रीत लिहितो. व्हिस्टापासून तो विंडोजसोबतच येऊ लागला आणि इंटरनेटवर वाचून जावा शिकणाऱ्यांनी बिनधास्त वापरला. जुना पाथ टक्क्याच्या चिन्हांत घालून पुढे नवी डिरेक्टरी जोडायची, इतकंच. पण त्यात सिस्टिमचा आणि वापरणाऱ्याचा असे दोन्ही पाथ एकत्र होतात, आणि 1024 अक्षरांपुढचं सगळं कापलं जातं. चालू खिडकीत जुनाच पाथ दिसत राहतो, त्यामुळे घोटाळा कळतो तो दुसरी खिडकी उघडल्यावर.

विंडोज 10 ने पाथ बदलायच्या चिंचोळ्या चौकटीऐवजी एकाखाली एक अशी यादी दिली. उशीरच झाला म्हणायचा. मी अजून प्रॉम्प्टवरच काम करतो, पण आधी पाथ 'इको' करून टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून ठेवतो. अशा फाइली बऱ्याच साठल्यात. सर्वांत जुनीत टर्बो सी अजून पहिल्या नंबरावर आहे.