मय्यतीचे घर आणि आपली जमात
हिंगोली जिल्ह्यात सेनगाव, औंढा भागातल्या लहान गावांत मुस्लिम घरे मोजकीच. बाईची मय्यत झाली की गुस्ल देणारी शोधायला रडणाऱ्या मुलालाच मोटारसायकल काढावी लागते, हे आम्ही पाहतो. कफनाचे पाच कपडे, म्हणजे इजार, कुर्ता, ओढणी, सीनाबंद आणि लिफाफा, कसे कापायचे हेही थोड्याच जणींना ठाऊक. प्रत्येक जमातीने चार बायकांना हे शिकवावे. त्यात सुना-लेकीही हव्यात. सारे म्हाताऱ्यांवरच का? कफनाचा कपडा नि कापूर मशिदीत तयार ठेवावा.

हिजरी ८ मध्ये मूताच्या लढाईत हजरत जाफर (रजि.) शहीद झाले, तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण करा, असे पैगंबरांनी (स.) सांगितले. आपल्याकडे कित्येकदा मय्यतीच्या घरालाच पाहुण्यांसाठी देग चढवावी लागते! मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. ते कामही एखाद्या शेजाऱ्याने अंगावर घ्यावे.