पोळ्याच्या आधी की नंतर?

"शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली?" असं सिस्टर कधी विचारत नाहीत. "लक्ष्म्या बसल्या तेव्हा तू पूजेत होतीस की बाजूला?" असं विचारतात. मग दसरा, मग दिवाळी, मग गावाहून गाडी निघाली तो दिवस. उत्तर कुठे ना कुठे सापडतंच.

कराडच्या पुढे, उसाच्या फडांना लागून असलेल्या माळावर बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड टोळीच्या कोपी, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, आहेत. जानेवारी २०२५ चा मधला आठवडा, दुपारचे चार. पहाटे अंधारात फडात गेलेल्या बायका आत्ता कुठे परतल्यात. ट्रक कधी येईल याचा नेम नाही. आला की मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं. तपासणीला वेळ मिळतो तो तेवढ्यापुरता. उपकेंद्राच्या सिस्टर आणि गावच्या आशाताई एका कोपीच्या दारात गोणपाट टाकून बसल्यात. पिशवीत बीपीचं मशीन, लोहाच्या लाल गोळ्या, गरोदरपण तपासायचं निश्चय किट आणि दोन कालनिर्णय, एक मागच्या वर्षाचं आणि एक यंदाचं.

केज तालुक्यातली एकजण सांगते, "दसऱ्याला देवीला गेले न्हवते बघा. बाजूला व्हते." मागच्या वर्षाचं ऑक्टोबरचं पान उघडतं. दसरा १२ तारखेला. सिस्टर बोटांवर नऊ महिने सात दिवस मोजत यंदाच्या जुलैपर्यंत येतात. मग कोपीच्या आत, आडव्या बांधलेल्या लुगड्यामागे तपासणी. बाई पाचटावर अंथरलेल्या वाकळेवर आडवी होते आणि सिस्टर हाताची कड पोटावर हलकेच दाबत नेतात. बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशय ओटीपोटाच्या हाडाच्या वर हाताला लागतो, चोविसाव्याच्या आसपास बेंबीपर्यंत येतो. कालनिर्णय चौदा आठवडे म्हणतं, हातही तेच म्हणतो. नेहमी असं जुळत नाही. हाडावर मांसच नसलेल्या बाईचं पोट दिवसांच्या मानाने लहान राहतं आणि मग सणावर विश्वास ठेवायचा की हातावर, हे सिस्टरांनाच ठरवावं लागतं.

या एका तारखेवर पुढचं सगळं ठरतं. गोळ्या कधी सुरू करायच्या, इंजेक्शन कधी द्यायचं, बाळंतपण इथे होणार की गावी, आणि मूल नको असेल तर कायदा अजून किती दिवस देतो.

एरवी तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर असते. पण कार्ड गावाकडे, सासूच्या पेटीत. आरोग्य खात्याच्या पोर्टलवर शोधायचं तर मोबाईल नंबर लागतो. नोंदणीच्या वेळी दिलेला नंबर नवऱ्याचा आणि ते सिम रिचार्जविना कधीच बंद पडलेलं. मग नवी नोंद, नवा नंबर. एकच बाई दोन ठिकाणी मोजली जाते, नाहीतर कुठेच नाही. गावच्या रजिस्टरात तिच्यापुढे 'स्थलांतरित' असा शेरा असतो, इथे ती 'बाहेरची'. तिने देशाची सीमा ओलांडलेली नाही, नुसता जिल्हा बदललाय, तरी खात्याच्या लेखी ती बिनकागदाची होते. यात कुणा एका कर्मचाऱ्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. सगळी व्यवस्था घराच्या पत्त्यावर उभी केलीय आणि या बायका वर्षातले पाच-सहा महिने घरी नसतात.

आधार असतं काहींजवळ. त्यावर जन्मतारीख बघावी तर पुष्कळदा १ जानेवारी. एक मुलगी वय एकोणीस सांगते, चेहरा सोळाचा. सिस्टरांचं पेन थांबतं. अठराच्या आतली असेल तर पोक्सोखाली पोलिसांना कळवावं लागतं, आणि एकदा पोलीस आले की पुढच्या खेपेला कोपीतून कुणी बाहेर येणार नाही. अल्पवयीन मुलीचा गर्भपात करताना तिची ओळख पोलिसांना देण्याची सक्ती डॉक्टरवर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं. जिला मूल हवंय, तिच्यासाठी अशी वाट नाही. रजिस्टरात '१९, सांगितल्याप्रमाणे' एवढं लिहिलं जातं.

रक्त काढणं हे वेगळंच काम. सुई टोचली तरी थेंब येत नाही, कारण कोयता धरून धरून बोटांची कातडी जाड झालेली, वर पाल्याने चिरलेली. सिस्टर डाव्या हाताची अनामिका निवडतात, कोमट पाण्यात धरायला लावतात, मग कडेला टोचतात. आज कुणाचंच हिमोग्लोबिन दहाच्या वर नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. सर्वेक्षण करणारे घरोघर जातात. या घरांना तर हंगामभर कुलूप असतं.

पुढच्या दोघी गरोदर नाहीत, अंतरा विचारायला आल्यात. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं हे गर्भनिरोधक इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. हंगामात दोन डोस बसतात, तिसरा गावी गेल्यावर. या इंजेक्शनाने पाळी अनियमित होते, काहींची पुढे थांबतेच. शहरात बायका याच कारणाने ते सोडतात, इथे याच कारणाने मागतात. जिथे कापड धुवायला आडोसा नाही, वाळत घालायला ऊन आहे पण लाज आहे, तिथे पाळी न येणं ही सोयच.

बीडच्या बायकांच्या 'पिशवी'बद्दल खूप लिहून आलंय. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे २०१९ मध्ये आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे जवळजवळ सतरा टक्के, तर देशाचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास. आकडा पाहून मुंबई-पुण्यात धक्का बसला. कोपीच्या दारात बसलं की ते कसं घडतं हे कळतं. विशीत नसबंदी झालेली असते. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं. एका दिवसाच्या खाड्याला पाचशे किंवा त्याहून जास्त कापले जातात, म्हणून बाई हंगामभर अंगावर काढते. उन्हाळ्यात खासगी दवाखान्यात जाते, तिथे कॅन्सरची भीती घातली जाते, आणि ऑपरेशनचा खर्च पुढच्या हंगामाच्या उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांतून, फेडायचा ठरतो. त्या पांढऱ्या पाण्याचं औषध सिस्टरांच्या पिशवीत हिरव्या पाकिटात आहे. एका दिवसाचे डोस. आज ती पाकिटं पाहता पाहता संपली.

सगळ्यात शेवटी आलेली बाई वर्षाचं लेकरू कडेवर घेऊन मघापासून मागे उभी होती. निश्चय किटवर दोन रेघा उमटल्या तेव्हा तिला नवल वाटलं नाही. "मेडिकलातून गोळी आणून खाल्ली व्हती. थोडं अंगावरून गेलं, वाटलं झालं." लेकरू अंगावर पितं, त्यामुळे पाळी कधी येई, कधी नाही. आता हे मूल तिला नको.

सिस्टरांनी विचारलं, "पोळ्याच्या आधी आली होती की नंतर?"

२०२१ च्या दुरुस्तीनंतर कायदा असा आहे : वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात होतो आणि साधन फसलं हे कारण चालतं. वीस ते चोवीस आठवड्यांमध्ये ते चालत नाही. तिथे बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेली अशा ठरावीक बायकांनाच वाट आहे. मागच्या वर्षी पोळा २ सप्टेंबरला होता. पाळी त्याच्या आधी आली असेल, तर हिच्या हातात दोन-चार दिवस उरलेत किंवा तेही नाहीत. लक्ष्म्यांच्या वेळी आली असेल, तर दोन आठवडे आहेत.

"बैलं धुवायला गेले व्हते मी," ती आठवत म्हणाली. "पुरणाचा सैपाक बी मीच केला. त्याच्या म्होरं कधीतरी."

सिस्टरांनी पोट तपासलं, पुन्हा तपासलं. अठरा असेल, एकोणीस असेल. हाताला यापेक्षा नेमकं सांगता येत नाही, सोनोग्राफी लागेल. सोनोग्राफीआधी फॉर्म एफ, त्यात पूर्ण पत्ता, सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. आधार कोपीत होतं, पत्र्याच्या पेटीत तळाशी. नवऱ्याची सही लागेल का, असं तिने हळूच विचारलं. नाही लागत, सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. हे ऐकून ती पहिल्यांदा खाली बसली.

तिचं हिमोग्लोबिन ८.१ निघालं, आणि टोळीच्या मुकादमाला सांगायला तेवढं खरं कारण पुरेसं होतं.

"रक्त कमी आहे, उद्या ग्रामीण रुग्णालयात न्यायची," सिस्टर म्हणाल्या.

"नऊ तारखेला न्या की सगळ्यांना," मुकादम म्हणाला. दर महिन्याच्या नऊला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, हे त्याला पाठ आहे.

"बाकीच्यांना नऊला. हिला उद्या."

"संगं कोण? गडी गेला तर कोयता पडतो आख्खा."

"आशाताई जातील. गडी राहू दे कामावर."

मुकादमाने खिशातली वही काढली. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तिच्या नवऱ्याच्या नावापुढे त्याने उद्याचा अर्ध्या कोयत्याचा खाडा मांडला आणि ट्रकचा आवाज आला तसा उठून गेला.