मार्गनिवड, दूरध्वनीची
कार्यालयातील खाजगी दूरध्वनी केंद्राने बाहेर जाणारा संवाद कोणत्या ट्रंक वाहिनीवरून पाठवावा, हे ठरविण्याच्या क्रियेस ‘मार्गनिवड’ म्हणतात. खाजगी केंद्र व सार्वजनिक दूरध्वनी जाल यांना जोडणारी वाहिनी म्हणजे ट्रंक. ग्राहकाने फिरविलेल्या अंकांवरून परगावचा मार्ग आपोआप निवडण्याची पद्धत भारतात १९६० मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान प्रथम सुरू झाली. कार्यालयीन केंद्रही अंकांवरूनच मार्ग ठरविते.

उदा., नाकाडोंगरी (ता. तुमसर, जि. भंडारा) येथील एखाद्या कार्यालयातून नागपूरला बोलावयाचे असल्यास बाहेरील वाहिनीसाठी बहुधा ० आणि त्यानंतर ०७१२ हा संकेतांक व ग्राहक क्रमांक फिरवितात. केंद्र पहिले ० वगळते, उरलेले अंक मार्गकोष्टकाशी ताडून पाहते व ते योग्य वाहिनीवर पाठविते. त्यामुळे नवी वाहिनी नुसती जोडून भागत नाही. कोष्टकात तिचे अंकनियम व अग्रक्रम नोंदवावे लागतात. ती व्यस्त वा बंद असल्यास संवाद जुन्या वाहिनीकडे वळविण्याची सोय ठेवतात.

११२ या आपत्कालीन क्रमांकाचा मार्ग स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक असते. तो ० न लावताही लागला पाहिजे. नव्या वाहिनीचा क्रमांक दूरच्या शहराच्या पत्त्यावर नोंदलेला असल्यास साहाय्य चुकीच्या ठिकाणी जाण्याचा संभव असतो. म्हणून असा संवाद स्थानिक वाहिनीवरूनच पाठविणे इष्ट ठरते.